वॉरंटी वाद्याला द्या, बिलाला नको

वाद्यं बनवणाऱ्या समस्त कंपन्यांना आणि देशोदेशीच्या त्यांच्या अधिकृत वितरकांना,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या डिजिटल पियानोची मधल्या सप्तकातली काळी दोन ही पट्टी बिघडलीय.

बिघडलीय म्हणजे वाजत नाही असं नाही, वाजते, पण एकाच आवाजात वाजते, आणि तो आवाज म्हणजे पूर्ण जोर लावून ठोकल्यावर येतो तो. घरात सगळे झोपलेत म्हणून मी अगदी जपून, श्वास रोखून बोट ठेवतो, शेजारच्या सगळ्या पट्ट्या गुमान हळू वाजतात आणि ही एकटी ढाण्णकन ओरडते. तुम्हाला माहितीये हे का होतं, तुम्हीच बनवता. पट्टीखाली एक रबर स्ट्रिप असते, तिच्यात प्रत्येक पट्टीसाठी दोन बारीक कॉन्टॅक्ट असतात, पट्टी खाली जाताना आधी एक टेकतो मग दुसरा, आणि मधे किती वेळ गेला त्यावरून मशीन ठरवतं की माणसाने हळू दाबलं की जोरात. त्यातल्या एका कॉन्टॅक्टवर धूळ बसली किंवा तो झिजला की हिशोब गंडतो. एवढंच. हाताच्या वितीएवढी रबराची पट्टी, ती बदलली की काम झालं.

मी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला पोरगा चांगला होता, झाकण न उघडताच म्हणाला स्ट्रिप गेलीय, अर्ध्या तासाचं काम आहे. मग त्याने मागचा सिरियल नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि गप्प झाला. मग म्हणाला, "सर, हा आपल्या रिजनचा पीस नाहीये." मी म्हटलं बरोबर आहे, बाहेरून घेतलाय, वॉरंटी मागतच नाहीये मी, रोख पैसे देतो, स्ट्रिप द्या. तर म्हणे पार्टची ऑर्डर टाकायलाच सिरियल नंबर लागतो आणि हा नंबर टाकला की सिस्टीम पुढे जात नाही. मी विचारलं मग हेच मॉडेल तुम्ही इथे विकता ना? हो म्हणाला. त्यात हीच स्ट्रिप असते ना? हो म्हणाला. आणि दोघंही थोडा वेळ त्या पियानोकडे बघत उभे राहिलो.

त्या पोराची काही चूक नव्हती, म्हणून त्याचं, त्या सेंटरचं किंवा त्या कंपनीचं नाव मी इथे घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर घ्यायची गरजही नाही कारण ज्यांनी ज्यांनी बाहेरून वाद्य आणलंय त्या प्रत्येकाकडे असा एक किस्सा आहे, फक्त काळी दोनच्या जागी कुणाचं गिटारचं पिकअप असतं, कुणाचा मिक्सरचा फेडर.

आता तुमचं उत्तर मला पाठ आहे. चार पैसे वाचवायला बाहेरून घेता आणि मग रडत आमच्या दारात येता. ठीक आहे, त्या चार पैशांबद्दलच बोलू.

आधी आमच्या बाजूचा वेडेपणा कबूल करतो. बाहेरची किंमत बघून आम्ही जो हिशोब करतो तो बऱ्याच वेळा चुकीचा असतो. अमेरिकेतल्या दुकानाची किंमत बघायची, त्यात सेल्स टॅक्स धरलेलाच नसतो, तो बिलाच्या वेळी वर लागतो, ऑरेगन किंवा डेलावेअरसारख्या राज्यात लागत नाही हे खरं पण आपला पाहुणा नेमका तिथे उतरणार असतो असं नाही. उलट युरोपातली आणि जपानमधली किंमत कर धरून लिहिलेली असते, त्यामुळे ती फुगलेली दिसते आणि प्रत्यक्षात प्रवाशाला त्यातला काही भाग परत मिळू शकतो. जपानमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून हा कर १० टक्के आहे, जर्मनीत १९ टक्के. आणि लंडनला जाणाऱ्या माणसाला अजूनही कुणीतरी सांगतं की अरे एअरपोर्टवर व्हॅट परत घे, तर ब्रिटनने दुकानातून हातात घेतलेल्या मालावरची ती सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद करून टाकलीय, सल्ला देणाऱ्याला पत्ताच नाही.

घरपोच मागवलं तर अजून मजा. बऱ्याच देशांत कस्टम्स ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर नाही, तर वस्तू, विमा आणि वाहतूक तिन्ही मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते, आणि मग ती ड्युटी मिळवून जी बेरीज होते तिच्यावर व्हॅट-जीएसटीसारखा कर. म्हणजे कुरियरच्या पैशावर पण कर आणि कराच्या पैशावर पण कर. गिटार, पियानो, सनई-क्लॅरिनेट, ड्रम हे सगळं कस्टम्सच्या वर्गीकरणात ९२ व्या प्रकरणात येतं, पण त्याच गिटारचा अँप्लिफायर ८५ व्या प्रकरणात, म्हणजे एकाच खोक्यातल्या दोन वस्तूंना दोन वेगळे दर लागू शकतात आणि माणूस गिटारचा दर बघून खूश होऊन बसलेला असतो. छोट्या पार्सलला कर नाही हा पण एक जुना समज. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅट माफी १ जुलै २०२१ ला काढली, अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची ड्युटी माफी २९ ऑगस्ट २०२५ ला सगळ्याच देशांसाठी काढली. पेडल नि माउथपीस मागवणाऱ्यांचे दिवस गेले.

तर हे सगळं धरून, प्रत्येक आकडा दोनदा तपासून मी हिशोब केला. तरी बाहेरचं स्वस्त पडलं. थोडंथोडकं नाही, एक बरा स्टँड, बेंच आणि हेडफोन त्यात निघाले. मॉडेल तेच, मागच्या स्टिकरवर कारखान्याचा देशही तोच. एकाच कारखान्यातून एकाच आठवड्यात निघालेली दोन खोकी, एक पूर्वेला गेलं एक पश्चिमेला, आणि त्यांच्या किमतीत एवढी दरी. ही दरी मी नाही पाडली.

ती कधीकधी कशी पडते ते सरकारी कागदांवरच आहे म्हणून लिहितो. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, सीएमएने, ऑगस्ट २०१९ मध्ये कॅसिओच्या तिथल्या कंपनीला ३७ लाख पाउंड दंड केला. जानेवारी २०२० मध्ये फेंडरच्या युरोपातल्या कंपनीला ४५ लाख पाउंड. जून २०२० मध्ये रोलंडला सुमारे ४० लाख आणि कॉर्गला सुमारे १५ लाख. गुन्हा काय तर ऑनलाइन दुकानदारांना ठरावीक किमतीच्या खाली विकू न देणे. म्हणजे दुकानदार स्वतःच्या नफ्यातून चार पैसे कमी करायला तयार होता आणि कंपनी म्हणत होती खबरदार. मग ऑगस्ट २०२१ मध्ये जर्मनीच्या कार्टेल ऑफिसने, म्हणजे तिथल्या स्पर्धा नियामकाने, यामाहा, रोलंड आणि फेंडर या उत्पादकांना आणि थोमान आणि म्युझिक स्टोअर या दोन मोठ्या दुकानांना मिळून सुमारे २ कोटी १० लाख युरो दंड लावला, कारण तेच, किमतींवर दबाव. हे सगळे मोठे लोक आहेत, यांची वाद्यं मी आवडीने वाजवलीत आणि पुढेही वाजवीन, पण मग गिऱ्हाइकाने जरा इकडेतिकडे बघितलं तर त्याला चिकट म्हणायचा अधिकार तुम्हाला कुठून आला?

आता दुसरी बाजू, कारण एकतर्फी लिहिलं की तुम्ही पहिल्या पानावरच पत्र बंद कराल. वितरक म्हणतो की मी शोरूम चालवतो, भाडं भरतो, डेमो पीस ठेवतो ज्याच्यावर शंभर लोक येऊन तेच ते चार कॉर्ड वाजवून जातात, मी सहा महिने आधी पैसे गुंतवून माल उचलतो आणि तोवर विनिमय दर वरखाली होतो, तो फटका माझा. हे खरं आहे. आणि आमच्यात असे महाभाग आहेत की दुकानात तासभर बसून पाच गिटारी वाजवून बघतात, दुकानदाराकडून कुठल्या लाकडाचा काय फरक वगैरे शिकवणी घेतात आणि बाहेर पायरीवर उभं राहून फोनवरून बाहेरच्या देशात ऑर्डर टाकतात. हे मला अजिबात पटत नाही, आणि माझ्या एका मित्राला मी हे तोंडावर सांगितलंय, आमचं आठ दिवस बोलणं बंद होतं. ज्याचा वेळ घेतला त्याच्याकडून निदान तारा, कव्हर, काहीतरी घ्या.

आणि कस्टम्सला खोटं बोलणारे, म्हणजे नव्या गिटारला एअरपोर्टच्या बाथरूममध्ये जुना पट्टा-बिट्टा लावून, स्टिकर चिकटवून "माझीच आहे, वाजवायला नेली होती" म्हणणारे, त्यांच्या बाजूनेही मी नाही. खरंच वाजवायला नेत असाल तर त्याला नीट सोय आहे, जाताना वाद्याची नोंद करून घ्यायची, किंवा मोठा दौरा असेल तर एटीए कार्ने नावाचा कागद असतो, साधारण वर्षभर चालतो, त्यावर वाद्यं तात्पुरती नेता-आणता येतात. आणि नवीन आणलंय तर बिल दाखवा, भरा जे असेल ते. ते भरूनही परवडत असेल तरच ती खरी बचत.

बरं, वॉरंटी गेली एवढंच नुकसान असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. विजेचं घ्या. जगातले अर्धे-अधिक देश २२० ते २४० व्होल्टवर चालतात, अमेरिका १२० वर, जपान १०० वर, आणि जपानची अजून एक गंमत की टोकियोच्या बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाकाच्या बाजूला ६०, कारण सुरुवातीला एकीकडे जर्मन जनित्रं आणली आणि दुसरीकडे अमेरिकन, ते आजतागायत तसंच आहे. लॅपटॉपसारखा अडॅप्टर असेल आणि त्यावर १०० ते २४० लिहिलं असेल तर काही चिंता नाही, पिन बदला आणि लावा. पण व्हॉल्व्हचा अँप्लिफायर म्हणजे आत भलामोठा ट्रान्सफॉर्मर. माझ्या मित्राने अमेरिकेतून असाच एक आणला (हा तोच, आठ दिवस अबोला वाला), पिनचं कन्व्हर्टर लावलं आणि त्याला वाटलं ते पिनचं कन्व्हर्टर व्होल्टेज पण बदलतं. फट् करून एक आवाज आला आणि खोलीत जळक्या वार्निशचा वास पसरला. फ्यूज उडून भागलं असतं पण आधीच्या मालकाने फ्यूजच्या जागी जाड तार घातली होती. मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घेतला, जो अँप्लिफायरपेक्षा जड आहे, आणि तरीही साठ हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासवर जरा जास्त तापतो ते आहेच.

हॅमंड ऑर्गनची गोष्ट तर मला फार आवडते. जुन्या हॅमंडमध्ये दातेरी चाकं फिरतात आणि ती फिरवणारी मोटर विजेच्या हर्ट्झशी बांधलेली असते, घड्याळासारखी, लॉरेन्स हॅमंड मुळात घड्याळवालाच होता. साठ हर्ट्झचा ऑर्गन पन्नासच्या देशात आणला, व्होल्टेज अगदी काटेकोर सांभाळलं, तरी मोटर साठाला पन्नास या प्रमाणात हळू फिरते आणि सगळा ऑर्गन खाली उतरतो. किती? सा दाबला की मंद्र सप्तकातला शुद्ध ध वाजतो. अगदी बरोबर ध, सहास पाच, कुठल्याही गवयाने मान डोलवावी असा शुद्ध, फक्त तुम्ही दाबला होता सा. जुने एसी मोटरवाले रेकॉर्ड प्लेअर आणणाऱ्यांचंही हेच होतं, गाणं गातंय कुणीतरी झोपेत.

हे खोक्यावर ठळक अक्षरात का नसतं? मागच्या बाजूला, स्क्रूच्या शेजारी, भिंगातून दिसेल एवढ्या अक्षरात असतं. वितरक म्हणतात आमच्याकडून घ्या म्हणजे हा त्रास नाही. बरोबर आहे, पण माणसं देश बदलतात. नोकरीसाठी जातात, शिकायला जातात, लग्न करून जातात आणि वाद्य बरोबर नेतात. त्यांनी काही वाचवायला म्हणून बाहेर घेतलेलं नसतं, ती तिथेच राहत होती. त्यांनाही तुमची सिस्टीम "आपल्या रिजनचा पीस नाही" असंच म्हणते.

लाकडाचं तर विचारू नका. लाकडी वाद्याला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो, विमानाच्या केबिनमध्ये तो वीसच्याही खाली असतो. कोरड्या थंड देशात हिवाळ्यात हीटर लावलेल्या दुकानात गिटार वाजवून बघितली, तारा अगदी बोटाखाली, लोण्यासारखी ॲक्शन, आणि दमट हवेत आणली की लाकूड पाणी पिऊन फुगतं, पुढची फळी पोट काढते, बाराव्या फ्रेटवर तारा एवढ्या वर की खालून पेन्सिल जाईल. उलट दमट ठिकाणाहून कोरड्या ठिकाणी नेली तर मानेवरचा फळा आकसतो पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, तिची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकवला की करवतीसारखी लागतात. हे दुरुस्त होतं, ट्रस रॉड म्हणजे मानेतली सळई फिरवा, फ्रेटची टोकं घासा, पण कारागिराचे पैसे धरावे लागतात आणि ते बचतीच्या हिशोबात कुणीच धरत नाही. निदान एवढं तरी करा लोकहो की आणल्या आणल्या केस उघडू नका, एक दिवस तशीच बंद ठेवा, आतली हवा आणि बाहेरची हवा हळूहळू एक होऊ द्या. (हे वाक्य कंपन्यांना नाही, हे वाचणाऱ्या बाकीच्यांना आहे.)

आणि कुठलं लाकूड आहे ते कळायला पाहिजे, कारण त्यावर आंतरराष्ट्रीय कायदा आहे. २ जानेवारी २०१७ पासून सायटीस करारात, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, डॅल्बर्जिया प्रजातीतली सगळी लाकडं घेतली, म्हणजे आपलं शिसव त्यात, क्लॅरिनेट आणि ओबो ज्याचे बनतात ते आफ्रिकन ब्लॅकवुडही त्यात. रातोरात विक्रीसाठी सीमेपार जाणाऱ्या, यातलं लाकूड असलेल्या प्रत्येक गिटारला, क्लॅरिनेटला कागद लागायला लागले. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारींवर शिसवाऐवजी पाव फेरो नावाचं दुसरं लाकूड लावायला सुरुवात केली ती त्याच सुमाराला. मग २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. पण ब्राझीलचं शिसव १९९२ पासून सगळ्यात कडक यादीत आहे आणि त्याला ही सूट नाही, हस्तिदंताला तर नाहीच. म्हणजे साठच्या दशकातली जुनी गिटार किंवा हस्तिदंताच्या पट्ट्यांचा जुना पियानो स्वस्त मिळाला म्हणून उचलला आणि कागद नसतील तर वाद्य कस्टम्सच्या गोदामात आणि तुम्ही बाहेर. विकत घेणाऱ्याला शास्त्रीय नाव कुठून कळणार? बिलावर नुसतं "रोजवुड" लिहिलेलं असतं. लाकडाचं शास्त्रीय नाव आणि बनवल्याचं वर्ष वॉरंटी कार्डावर छापायला तुम्हाला शाईचा एक थेंब लागेल.

फक्त वाद्यांचंच कशाला, हे सगळीकडे आहे. जर्मनीतून स्वस्त लॅपटॉप आणला की वाय आणि झेड च्या जागा उलट. जपानचा फोन आणला तर फोटो काढताना खटॅक आवाज होतो तो बऱ्याच फोनवर बंदच करता येत नाही. प्रिंटर एका रिजनचा, शाई दुसऱ्या रिजनची, दोघांचं पटत नाही. पण फोन तीन वर्षांत बदलतो माणूस. गिटार मुलीला देतो, मुलगी तिच्या मुलाला. एवढं आयुष्य असलेल्या वस्तूला एका दुकानाच्या बिलाशी बांधून ठेवणं मला समजत नाही.

कायदा पण धड एका बाजूला नाही. अमेरिकेत थायलंडहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने घरच्यांकडून तिथली स्वस्त पाठ्यपुस्तकं मागवून अमेरिकेत विकली, प्रकाशक वायली कोर्टात गेले, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की कायदेशीर बनलेली प्रत एकदा विकली की विकली, मग ती कुठल्याही देशात छापलेली असो. उलट युरोपात टेस्को सुपरमार्केटने बाहेरून स्वस्त लेव्हायस् जीन्स आणून विकल्या तेव्हा २००१ मध्ये युरोपियन कोर्टाने कंपनीची बाजू घेतली. म्हणजे दुकान थाटून विकण्याबद्दल वाद होऊ शकतो. पण एक माणूस, एक वाद्य, स्वतःला वाजवायला, याच्यावर कुणाचाच आक्षेप नाही. आक्षेप फक्त तुमच्या पार्टच्या सिस्टीमला आहे.

आणि बाहेरचा पीस म्हणजे दुय्यम पीस हे जे सुचवलं जातं ना हळूच, ते तर बंदच करा. फेंडरने १९८२ मध्ये जपानमध्ये उत्पादन सुरू केलं, फुजिजेनच्या कारखान्यात, जपानच्या बाजारासाठी. त्यातल्या सुरुवातीच्या गिटारी इतक्या चांगल्या निघाल्या की आज जगभरचे लोक त्या शोधत फिरतात आणि जुन्या असून जास्त पैसे देतात. त्या सगळ्या दुसऱ्याच रिजनच्या आहेत.

तर मागणं काय. फुकट काही नकोय. ज्या देशात घेतलं तिथली वॉरंटी तिथेच चालेल असं म्हणत असाल तर एक वेळ तेही समजू शकतो, वितरकाने दुसऱ्याच्या विक्रीवर फुकट काम का करावं, खरं तर त्या कामाचे पैसे कंपनीने वितरकाला द्यावेत आणि मोकळं व्हावं, तुमचं आपापसात काय ते बघा. पण पैसे मोजून दुरुस्ती आणि पैसे मोजून सुटा पार्ट, हे सिरियल नंबर कुठल्याही देशाचा असला तरी मिळालंच पाहिजे. पार्ट नंबरची यादी उघडी ठेवा. आज ती मिळते ती कुणीतरी स्कॅन करून टाकलेल्या वाकड्या सर्व्हिस मॅन्युअलमधून, मी तशीच मिळवली. व्होल्ट, हर्ट्झ आणि लाकूड खोक्याच्या समोरच्या बाजूला छापा. आणि किंमत, ती मी मागत नाही, ती बाजार बघून घेईल, फक्त दुकानदाराने कमी केली तर त्याला फोन करू नका.

माझ्या पियानोचं पुढे काय झालं ते सांगतो आणि पत्र संपवतो. एका रविवारी मीच उघडला. चौतीस स्क्रू निघाले, त्यातले दोन अजून उरलेत, ते कुठले ते कळलेलं नाही. स्पिरिटने कॉन्टॅक्ट पुसले, फरक पडला नाही, रबराच्या आतला काळा ठिपकाच झिजलेला होता. मग लक्षात आलं की सगळ्यात खालच्या सप्तकाची स्ट्रिप मापाने अगदी तीच आहे आणि तिथे मी महिन्यातून एकदा बोट ठेवतो. दोघींची अदलाबदल केली. आता मधली काळी दोन हळू म्हटलं की हळू वाजते, शहाण्यासारखी. ढाण्ण करणारी आता सगळ्यात खाली आहे, आणि मी तिच्या वाटेला जात नाही.

पार्ट नंबर माझ्याकडे लिहून ठेवलाय. किंमत आणि पोस्टेज कळवा, पैसे आगाऊ पाठवतो.

आपला,
दुसऱ्या रिजनचा एक ग्राहक